दहाची न्याहारी: बेळगावात चार दिवस

लेक अकरावीत गेली आणि रविवारी सकाळी मैत्रिणींबरोबर ‘ब्रंच’ला जायला लागली. म्हणजे नाश्ता बुडवायचा, जेवण लांबवायचं आणि साडेदहा-अकराला कुठंतरी जाऊन, टोस्टवर काहीतरी हिरवं फासलेलं असतं ते चारशे रुपयांना खायचं. मी एकदा सहज म्हणालो, “अगं, ह्याला आमच्याकडं न्याहारी म्हणतात.” ती म्हणाली, “न्याहारी म्हणजे ब्रेकफास्टच ना?”

पुस्तकात तसंच लिहिलेलं असेल. पण आमच्या बेळगावात, शहापूर-वडगावच्या बाजूला न्याहारी म्हणजे दहाची. उठल्यावर नुसता चहा, फार तर चहात बुडवून एखादा बटर. मग शेतात नाहीतर मागावर तीन तास काम, आणि पोटात खड्डा पडला की भाकरी. आमच्या आज्जीच्या तोंडात ‘नाश्ता’ हा शब्द कधी आला नाही. जुलैत जमिनीच्या उताऱ्याच्या कामासाठी बेळगावला जायचंच होतं. शुक्रवार ते सोमवार रजा जोडली आणि लेकीला सांगितलं, चल, चार दिवस चार ब्रंच. दुपारचं जेवण नाही, सकाळी चहाशिवाय काही नाही, दहा ते साडेअकराच्या मध्ये जे मिळेल ते. तिनं लगेच फोनवर यादी करायला घेतली. मी म्हटलं, यादी नको, भूक घेऊन चल.

गुरुवारी रात्री बसनं निघालो, पहाटे उतरलो. ह्यापलीकडं प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

शुक्रवार: खानावळ

पाऊस होता, पण पडत नव्हता, नुसता हवेत उभा होता. समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवरचं हे गाव जुलैत असंच असतं. छत्री उघडावी तर लोक हसतात, मिटावी तर डोकं ओलं. आत्या वडगावात राहते. दारात उभी राहून म्हणाली, “अलास? पोरगी वाळलीया बघ. पुण्यात काय खायला घालत न्हाईस काय?” चहा, बटर, पुन्हा चहा. मी बाहेर खायचा बेत सांगितल्यावर तिचा चेहरा पडला, पण ‘दहाला’ म्हटल्यावर तिला ते पटलं. “मग न्ह्यारीच की ती,” म्हणाली.

उताऱ्याचं काम अकराच्या आत व्हायचं होतं. ते झालं नाही, आणि का झालं नाही हे लिहायला बसलो तर प्रवासवर्णन बाजूला राहील. आम्ही भुकेजलेले आणि वैतागलेले बाजारपेठेत आलो आणि माझ्या कॉलेजच्या दिवसांतल्या एका लिंगायत खानावळीचं दार उघडं दिसलं. पाटी फक्त कन्नडमध्ये. लेकीला वाचता येत नव्हती. खरं सांगायचं तर मलाही अक्षरं जुळवून जुळवूनच वाचावी लागतात.

“बर्री अण्णा, कुंद्री,” आतून आवाज आला. या, बसा. आमची पहिलीच पंगत.

जिथं बसलो तिथून चूल दिसत होती, म्हणून पुढचा अर्धा तास आम्ही जेवणापेक्षा तिकडंच जास्त बघितलं. दोन बायका समोरासमोर मांडी घालून बसलेल्या, मध्ये परात. एकीनं ज्वारीच्या पिठाचा गोळा तळहातानं मळून मळून इतका मऊ केला की बोट लावलं तर बोटाचा ठसा राहील. मग थापायला घेतली. दोन्ही हात, टपटप, टपटप, आणि दर दोन थापांना भाकरी बोटभर फिरते. फिरवणारा हात दिसत नाही, भाकरी आपसूक फिरतेय असं वाटतं. बशीएवढी, ताटाएवढी, मग कडेला इतकी पातळ की खालची परात दिसायला लागते. तव्यावर टाकली, वरून ओल्या फडक्यानं पाण्याचा एक हात फिरवला, पाणी आटायच्या आत उलटली, आणि शेवटी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याला लावून उभी केली. फुगली. दुसऱ्या बाईचा ठेका वेगळा होता, जरा जड. दोघींचे आवाज कधी जुळायचे, कधी सुटायचे. लेकीनं व्हिडिओ काढायला फोन उचलला तशी थोरली बाई थांबली आणि हसून म्हणाली, “माझं काय बघतीस, भाकरी बघ.” मराठीत. मग परत शेजारणीशी कन्नडमध्ये.

ताटात एण्णेगाई, म्हणजे शेंगदाणा-तिळाचा मसाला पोटात भरून तेलात शिजवलेली छोटी वांगी. शिवाय मटकीची उसळ, झुणक्याच्या वड्या, शेंगा हिंडी (आपली शेंगदाण्याची चटणीच, पण इथं ती कुटलेली असते, मिक्सरमधून काढलेली नाही), कारळ्याची काळी चटणी, लाल मिरचीचा रंजका, दही आणि कच्च्या मेथीची मूठभर पानं कांद्याबरोबर. एक गरम भाकरी संपली की दुसरी. मधल्या ताटात कडक भाकऱ्यांची चवड, पत्त्यांच्या कॅटसारखी. ह्या वाळवलेल्या भाकऱ्या महिनाभर टिकतात. बाहेरगावी शिकणाऱ्या पोरांच्या ट्रंकेत त्या हमखास असतात. माझ्याही होत्या.

लेकीनं मेथीची कच्ची पानं आधी बाजूला सारली. मग रंजक्यानं जीभ पोळल्यावर तीच पानं दह्यात बुडवून खाल्ली. तिसऱ्या भाकरीला मी “साकु” म्हणालो, पुरे. वाढणाऱ्या माणसानं ऐकून न ऐकल्यासारखं करून चौथी टाकली. ‘साकु’ एकदा म्हणून चालत नाही, हे मी विसरलो होतो.

कुणी जाणार असाल तर: खानावळीत अकराच्या आसपास जा. एकनंतर नोकरदारांची गर्दी होते आणि भाकरी हातून तव्यावर, तव्यावरून ताटात अशी येत नाही, थप्पीतली येते. मसाल्याचं जपून, पण तेलाला घाबरू नका. एण्णेगाईतला ‘एण्णे’ म्हणजेच तेल. आणि सुटे पैसे जवळ ठेवा.

शनिवार: शिरा, उप्पीट आणि एक फजिती

आज लेकीच्या यादीचा मान ठेवायचा होता. तिच्या यादीत एक गाजलेलं लोणी डोशाचं ठिकाण होतं, रीलमध्ये पाहिलेलं. दहाला पोचलो. टोकन मिळालं. पाऊण तास फुटपाथवर उभे. रिपरिप सुरू झाली, पन्हाळीचं पाणी नेमकं माझ्या कॉलरमध्ये. अकराच्या ठोक्याला आतला पोरगा बाहेर येऊन म्हणाला, पीठ संपलं. टोकन हातात, पीठ नाही. नाव सांगत नाही. चांगला डोसा मिळतही असेल, आमच्या नशिबात नव्हता. माझं वैयक्तिक मत असं की पाऊण तास उभं करून खायला घालण्यासारखा डोसा जगात नाही. लेक म्हणाली, “बाबा, तू फक्त भुकेला आहेस.” तेही खरं.

तिथून चिडचिडत गणपत गल्लीकडं चालत सुटलो. शनिवारची गर्दी, फुलवाल्यांचे हारे, खेड्यांतून आलेल्या बायका, डोक्यावरून पांघरायच्या पावसाळी खोळा विकणारे. गल्ल्यांच्या ह्या जाळ्यात, एका बोळात, जुन्या पद्धतीचं एक हॉटेल अजून तग धरून आहे. संगमरवरी टेबलं, कोपरे झिजलेले, भिंतीवर आरसा. गल्ल्यावर बसलेला माणूस कोकणीत बोलतो, भटारखान्यात कन्नड, चहाचं दूध घेऊन आलेल्याशी दखनी हिंदी आणि आमच्याशी मराठी. वेटर एकच. ह्या चारही भाषा तो एका दमात बोलत होता आणि कुठंही अडखळत नव्हता. सीमाप्रश्नावर इतकी भाषणं ऐकत मोठा झालो, मोर्चात बापाच्या खांद्यावर बसून गेलो. 1956 साली बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेल्याचं दुःख आमच्या घरात अजून आहे आणि ते खोटं नाही. पण त्या वेटरची सकाळ त्या दुःखाला कुठं बांधायची, हे मला कळत नाही.

बेळगावात उपमा म्हणायचं नाही. उप्पीट. आणि उप्पीट एकटं मागवायचं नाही. एका बशीत वाटीनं पाडलेली दोन डोंगरं येतात, एक पांढरं, एक केशरी. उप्पिटात कढीपत्ता, आलं, हिरवी मिरची आणि मध्येच दाताखाली येणारी उडदाची डाळ. शिऱ्यात तूप इतकं की बशी तिरकी केली तर डोंगर सरकतो. खाण्याची रीत अशी की दोन्हींच्या सीमेवरून चमचा मारायचा, अर्धं तिखट, अर्धं गोड. (हे वाक्य लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय लिहिलंय. असू दे.)

मग पुरी आणि पातळ भाजी. समोरच्या बाकावर कडोलीहून आलेले एक शेतकरी बसले होते, साठीचे. डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी टोपीसारखी घातलेली, पायात चिखल. त्यांनी पुरीचा तुकडा भाजीत बुडवून खाल्ला आणि पुढचा तुकडा चहात. परत भाजीत, परत चहात. लेक टक लावून बघत होती. त्यांनी ओळखलं.

“बघितलीस काय? करून बघ की.”

तिनं केलं. तिखट पुरी, वर गोड चहा. तिचं तोंड बघून ते खूश झाले. बटाट्याच्या बियाण्याचं आणि खताचं काम घेऊन आले होते. म्हणाले, “पहाटं चारला उठायचं, धारा काढायच्या, पहिल्या गाडीनं यायचं. घरला न्ह्यारी कोण बसून खातंय? दहाला हितंच.” त्यांच्या वडिलांना ह्याच हॉटेलात सुट्टे पैसे संपले तर उधार मिळायचं म्हणे. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात लख्ख झालं की ह्या बोळांतली हॉटेलं दहा ते बारा का भरलेली असतात. खेड्यातला माणूस पहाटे घर सोडतो आणि न्याहारी शहरात येऊन खातो. शेतातली वेळच इथं टेबलावर येऊन बसलीय.

जेवणानंतर पाय मोकळे करायला कॅम्पात. वाटेत किल्ला लागतो. किल्ल्यातल्या कमल बस्तीत, रट्ट राजांच्या काळातल्या, साल 1204 च्या ह्या जैन मंदिरात, सभामंडपाच्या छतावरून दगडी कमळ खाली लोंबतंय. लेक त्याच्याखाली मान वर करून इतका वेळ उभी राहिली की माझीच मान दुखली. किल्ल्यातून निघालो तसा पाऊस जोरात आला आणि आम्ही कॅम्पात पुरोहितांच्या मिठाईच्या दुकानात शिरलो. निमित्त पावसाचं. जायचं होतंच.

कुंदा. बाहेरच्यांना मी नेहमी सांगतो, पेढा आणि कलाकंद ह्यांच्यामध्ये कुठंतरी, पण ते खरं नाही. दूध आटवत आटवत साखरेसह तांबूस होईपर्यंत नेतात, आणि त्या जळू-पाहणाऱ्या साखरेची किंचित कडसर चव कुंद्यात राहते. रवाळ असतो. गोळा होत नाही, वडी होत नाही, चमच्यानंच खायचा. एका मिठाईवाल्याचं दूध चुलीवर विसरलं आणि त्यातून कुंदा झाला, अशी गोष्ट गावात प्रत्येकजण आपल्या आजोबांनी बघितल्यासारखी सांगतो. माझे आजोबाही सांगायचे, आणि ते तर शहापुरातून कॅम्पात वर्षाकाठी एकदा यायचे.

मांडेही घेतले, आत्यासाठी. उलट्या कढईवर भाजलेली रुमालासारखी पातळ पोळी, आत पिठीसाखर, घडी घातलेली. पूर्वी लग्नात मांडे नसले तर वरपक्ष नाक मुरडायचा. लेकीला ‘मनात मांडे खाणे’ हा वाक्प्रचार मराठीच्या पेपरात आला होता, अर्थ लिहून दोन मार्क मिळवले होते. मांडा मात्र आयुष्यात पहिल्यांदा बघितला.

कुंदा पुण्याला न्यायचा असेल तर निघायच्या दिवशीच घ्या, प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करून, आणि दोन दिवसांत फ्रीजमध्ये टाका. मांडे सगळ्यात वर ठेवा. आमचे बॅगेत तळाला गेले. आत्यानं चुरा चमच्यानं दुधात घालून खाल्ला आणि “असंच ग्वाड लागतंय” म्हणून माझी अब्रू राखली.

रविवार: कणकुंबीच्या वाटेवर

आत्याचा मुलगा त्याची गाडी घेऊन आला. जांबोटीवरून कणकुंबी, चाळीसेक किलोमीटर. पुढं हाच रस्ता चोर्ला घाटातून गोव्यात उतरतो. जांबोटी सोडली आणि पाऊस सरळ कोसळायला लागला, आणि नेमका तेव्हाच वायपर बंद पडला. दादा म्हणाला, “कालपर्यंत चालत होता.” वायपर नेहमी कालपर्यंतच चालत असतो. तंबाखू काचेला चोळली की पाणी ठरत नाही असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. चोळली. पाणी ठरत नव्हतं हे खरं, पण काच पिवळी झाली. ताशी वीसच्या वेगानं, लेक खिडकीतून हात बाहेर काढून फडक्यानं काच पुसतेय, असे आम्ही निघालो. धुकं इतकं की समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे आधी झाडावर दिसायचे.

जिथं खायचं ठरवलं होतं ते बंद. दारावर कुलूप, पायरीवर कुत्रं. पुढं रस्त्याला लागून पत्र्याचं खोपट दिसलं, धूर निघत होता म्हणून थांबलो. आत एक बाई, एक म्हातारे गृहस्थ, आणि चुलीजवळच्या उबेला बसलेल्या तीन कोंबड्या. पाटी नाही, मेनू नाही.

“काय हाय मावशी?”

“काय पायजे? आंबोळ्या करून देतो बसा.” ह्या बाजूच्या बायका ‘देतो, जातो’ असंच बोलतात. लेक चमकली, मग तिला ते इतकं आवडलं की दिवसभर ती स्वतः ‘येतो, खातो’ करत होती.

बिडाच्या तव्यावर कांद्याच्या अर्ध्या फोडीनं तेल फिरवलं, पीठ ओतलं, झाकण. तांदूळ आणि उडीद रात्री भिजवलेले. झाकण काढलं तेव्हा आंबोळीला मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं पडलेली. बरोबर काळ्या वाटाण्याची उसळ, ओल्या खोबऱ्याची, कोकमाचं आंबट घातलेली. बेळगाव शहरातली जेवणं ज्वारीकडं तोंड करून असतात. इथं आलं की एकदम तांदूळ, नारळ, कोकम. चाळीस किलोमीटरांत ताट बदलतं. आम्ही तिघांनी मिळून अकरा आंबोळ्या खाल्ल्या. हा आकडा मावशींनी मोजला, आम्ही नव्हे.

म्हातारे गृहस्थ इतका वेळ गप्प होते. लेकीनं विचारलं, “आजोबा, इथं इतका पाऊस रोज असतो?” ते म्हणाले, “हा पाऊस न्हवं पोरी. हा थांबलाय.” आणि परत गप्प.

खाऊन झाल्यावर माउलीच्या देवळाकडं गेलो. मलप्रभा इथं उगम पावते. कुंडाच्या दगडी कठड्यावरून लेकीनं हात घातला, पाणी गार. हेच पाणी पुढं नवीलतीर्थच्या धरणात, हुबळी-धारवाडच्या नळांत आणि कूडलसंगमला कृष्णेत. आणि इथून हाकेच्या अंतरावर पडलेला पाऊस कळसा नाल्यातून म्हादईत, म्हणजे गोव्याकडं, समुद्राला. त्या पाण्यावरून दोन राज्यं वर्षानुवर्षं भांडताहेत. त्या खोपटाच्या पत्र्यावरून मागं पडलेला थेंब आणि पुढं पडलेला थेंब कुठल्या समुद्राला जाईल, हा हिशोब लेक गाडीत बसून करत होती. दादा म्हणाला, “आधी जळू काढ पायावरची.” होती. दोन.

पावसाळ्यात ह्या रस्त्याला जाणार असाल तर गाडीचे वायपर बेळगावातच तपासा (तंबाखूवर विसंबू नका), मिठाची पुडी जवळ ठेवा, आणि मोबाईलला रेंज नसते हे गृहीत धरून निघा. एवढ्यातेवढ्यात हॉटेल येईल म्हणून पुढं जात राहू नका. धूर दिसला की थांबा.

सोमवार: बांधावर

परतीची बस दुपारी दोनची होती. उताऱ्याचं काम सकाळी लवकर जाऊन पुन्हा केलं, पुन्हा झालं नाही. घरी आलो तर आत्या तयार, डोक्यावर टॉवेल, हातात पिशवी. “भांगलण चाललीया. बायकांस्नी न्ह्यारी घेऊन जायाची. चला.”

वडगावच्या पुढं येळ्ळूरच्या दिशेनं सगळं भातशिवार. लांब ढगात राजहंसगडाचं टोक दिसत होतं, मध्येच जायचं. ही काळी जमीन बेळगावी बासमतीची. दाणा लांब नसतो, त्यामुळं देहरादूनी बासमती खाणारे नाक उडवतात. पण एका घरात शिजला की शेजारच्या घरात कळतं, एवढा वास. धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरलेलं भात वीतभर वर आलं होतं आणि सात-आठ बायका ओळीनं वाकून तण काढत होत्या. खुरप्याचा खर्र-खर्र आवाज, आणि बोलणं अखंड. एकीच्या सुनेबद्दल चाललं होतं. आम्ही जवळ गेलो तसा विषय बदलला.

आमच्या शेताच्या खालच्या बाजूला बळ्ळारी नाला. दरवर्षी फुगतो आणि भात कुजवतो. वरच्या बाजूला बायपासचं काम. “वरनं रस्ता, खालनं पाणी, मधल्यात आमी,” आत्या म्हणाली, पण तक्रारीच्या सुरात नाही, पत्ता सांगावा तसं.

सव्वादहा झाले होते. बायका बांधावर आल्या, नाल्याच्या पाण्यात हात धुतले, पदरानं पुसले. आत्यानं फडकं सोडलं. ज्वारीच्या भाकऱ्या, अख्ख्या मसुराची आमटी (हा मसूरही ह्याच शेतातला, भात निघाल्यावर टाकलेला), शेंगाची चटणी, आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. प्रत्येकीनं आपल्या घरून काहीतरी आणलेलं. एकीचा लिंबाच्या लोणच्याचा खार, एकीची दही-मिरची, एकीकडं रविवारच्या मटणाचा रस्सा उरलेला होता. त्यावर “एकटीनंच खाल्लीस काय रातच्याला?” म्हणून सगळ्या तुटून पडल्या. ताटं नाहीत. भाकरीच ताट. तळहातावर भाकरी, भाकरीवर खळगा करून आमटी, आणि आमटी खाली गळायच्या आत कडेकडेनं खात आत यायचं. लेकीची आमटी कोपरापर्यंत गेली. शेजारच्या बाईनं न बोलता तिची भाकरी घेतली, कड जरा उचलून द्रोणासारखी केली आणि परत दिली.

“पुण्यात अशी भाकरी मिळती?” एकीनं विचारलं.

“मिळते. पण बसायला चिखल नसतो,” लेक म्हणाली. सगळ्या हसल्या. मी हसलो नाही, कारण माझ्या पँटला लागलेला होता.

तिनं सवयीनं फोन काढला, ठिकाणाचं नाव टाकायला. नकाशावर तिथं निळ्या ठिपक्याशिवाय काही नव्हतं, ना गल्ली, ना रस्ता. थोडा वेळ तिनं अंगठा धरून ठेवला, मग फोन खिशात घातला आणि लोणच्याचा खार मागून घेतला.

पंधरा मिनिटांत न्याहारी आटोपली. कुणी पाठ टेकवली नाही. तांब्यातलं पाणी वरून तोंडात ओतलं, तंबाखूची चिमूट झाली, आणि परत ओळ. पाऊस आला तशा सगळ्यांनी खोळा पांघरल्या. निळ्या, पिवळ्या, एक खताच्या पोत्याची. आम्ही तिथंच रेंगाळत होतो. आत्या ओरडली, “बांधावरनं उठा आता, पाय पडायलाय भातावर!”

घाईघाईनं पिशवी भरली, घरी येऊन बॅगा घेतल्या, बस गाठली. निपाणीच्या अलीकडं आत्याचा फोन.

“तुमच्या पिशवीत स्टीलचं झाकण गेलंय काय बघ. दह्याच्या डब्याचं. ती बाई सकाळपासनं हुडकायलीया.”

लेकीनं पिशवी उपसली. कुंदा, मांड्यांचा उरलेला चुरा, ओली छत्री, आणि सगळ्यात खाली झाकण, त्यावर खिळ्यानं कोरलेलं नाव आणि एक मसुराचा दाणा चिकटलेला.

“आहे,” मी म्हणालो.

“मग पुढच्या वेळी उताऱ्याला येशील तवा घेऊन ये,” आत्या म्हणाली. “उतारा काय लवकर व्हत न्हाई.”